हातात न आलेली सूट

भिलाईतला संगणकाचा बाजार वर्षातून दोनदा तापतो. एकदा जुलै-ऑगस्टात, कॉलेजांचे प्रवेश उरकल्यावर, आणि दुसऱ्यांदा दुर्गापूजा ते दिवाळीच्या दिवसांत, पोलाद कारखान्यातल्या कामगारांच्या खात्यात बोनस जमा झाल्यावर. आयआयटी, स्वामी विवेकानंद तंत्रविद्यापीठ, दुर्गचं बीआयटी आणि जेईईचे क्लास यांमुळे या गावात लॅपटॉप, प्रिंटर किंवा जुन्या संगणकात टाकायची एसएसडी ही चैन राहिलेली नाही. ती मुलांच्या वह्या-पुस्तकांच्या रांगेतली खरेदी झाली आहे. बजेट तुटपुंजं असतं, म्हणून जाहिरातीतल्या सर्वांत कमी आकड्यावर नजर आधी जाते. तो आकडा पुष्कळदा ‘कॅशबॅक धरून’ लिहिलेला असतो. म्हणजे गल्ल्यावर मोजायची रक्कम वेगळी, आणि नंतर कधीतरी, कुठल्यातरी फॉर्मनंतर, कुठल्यातरी खात्यात परत येणारी रक्कम वजा करून छापलेली वेगळी. या दोन आकड्यांमधला फरक ही सूट नव्हे. ते ग्राहकाने कंपनीला दिलेलं बिनव्याजी आणि बिनतारण कर्ज आहे, आणि ते फेडायचं की नाही हे ठरवणाऱ्या अटी कर्जदारानेच लिहिलेल्या असतात. वस्तू जितकी स्वस्त तितका हा फरक किमतीच्या मानाने मोठा, आणि जोखीमही तितकीच मोठी. म्हणून दोन वस्तूंची तुलना करताना आज खिशातून जाणारी रक्कम हीच किंमत धरावी, असं माझं मत आहे. त्याला आधार काय आणि त्यावर आक्षेप कोणते, ते पाहू.

ही युक्ती अमेरिकेत ‘रिबेट’ या नावाने पिकली. घरगुती मालाच्या कंपन्यांनी १९७०च्या दशकात ती रुळवली आणि नव्वदीच्या दशकात संगणकवाल्यांनी ती उचलली. पूर्ण किंमत देऊन वस्तू घरी न्यायची, खोक्यावरचा बारकोड कापायचा, मूळ बिल आणि भरलेला फॉर्म त्यासोबत पाकिटात घालून मुदतीत टपालाने पाठवायचा, मग दोन-तीन महिन्यांनी येणाऱ्या चेकची वाट बघायची. संगणकाच्या सुट्या भागांनाच ही पद्धत इतकी का मानवली, याचं कारण त्या धंद्याच्या घडणीत आहे. या मालाच्या किमती महिन्या-महिन्याने घसरत. कंपनीने भाव उतरवला की दुकानदार म्हणणार, माझ्याकडे जुन्या भावाचा माल पडून आहे, त्याचा फरक द्या. रिबेटमध्ये छापील भाव तसाच राहतो, फरक थेट गिऱ्हाइकाला जातो, मधल्यामध्ये दुकानदाराला तो खिशात घालता येत नाही, आणि ठरलेल्या तारखेला योजना गुंडाळता येते. इथवर सगळं रास्त आहे. पण यात आणखी एक हिशेब दडलेला असतो: सगळे जण पैसे मागत नाहीत. कोणी विसरतो, कोणाचं बिल हरवतं, कोणाचा अर्ज फेटाळला जातो. न मागितलेल्या या पैशांना तिथल्या धंद्यात ‘ब्रेकेज’ म्हणतात, आणि योजनेचं गणित मांडताना ते आधीच धरलेलं असतं. हजार रुपयांची सूट शंभर गिऱ्हाइकांना जाहीर करायची आणि प्रत्यक्षात त्यातल्या काही जणांनाच द्यायची, हा या धंद्यातला अपघात नाही, आधार आहे.

पुढे काय झालं ते अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या कागदांत सापडतं. जून २०००मध्ये बाय डॉट कॉम, ऑफिस डेपो आणि व्हॅल्यू अमेरिका यांच्यावर आयोगाने कारवाई केली. या कंपन्या संगणक जवळपास फुकट म्हणून जाहीर करत होत्या, पण त्यातला ४०० डॉलरचा परतावा तीन वर्षांच्या इंटरनेट कराराला बांधलेला होता आणि ते बारीक अक्षरात होतं. सायबररिबेट नावाच्या साइटने तर कहर केला. वस्तूची किंमत बाजारभावाच्या कितीतरी पट लावायची आणि अनेक वस्तूंवर ती शंभर टक्के परत करण्याचं वचन द्यायचं. मे २००१मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं आणि परताव्याची वाट पाहणारे ग्राहक एका रात्रीत धनकोंच्या रांगेत जाऊन उभे राहिले. कॉम्पयूएसए या मोठ्या दुकानसाखळीचं प्रकरण मला सर्वांत बोलकं वाटतं. क्यूपीएस नावाची कंपनी सीडी ड्राइव्हसारखा माल करायची. तिचे रिबेट महिनोन्‌महिने थकत होते, ग्राहक दुकानाकडे तक्रारी करत होते, तरी दुकान त्याच रिबेटच्या जाहिराती छापत राहिलं, असा आयोगाचा आरोप होता. २००५च्या तडजोडीत थकलेले पैसे दुकानाला भरावे लागले. मदरबोर्डवाल्या सोयो कंपनीवर २००७मध्ये परतावे रखडवल्याबद्दल कारवाई झाली. या सगळ्यांत बुडालेली रक्कम माणशी मोठी नव्हती. म्हणूनच ती इतके दिवस बुडत राहिली. पन्नास डॉलरसाठी वकील कोण लावणार?

कंपनी बुडणं किंवा रखडवणं ही जोखीम डोळ्यांना दिसते तरी. न दिसणारी जोखीम आपण स्वतः आहोत. एमस ट्वर्स्की आणि एल्डर शफीर या मानसशास्त्रज्ञांनी १९९२मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक प्रश्नावली भरून परत दिल्यास पाच डॉलर देऊ केले. काहींना पाच दिवसांची मुदत, काहींना तीन आठवड्यांची, काहींना मुदतच नाही. पाच दिवसवाल्यांपैकी ६० टक्क्यांनी प्रश्नावली परत केली, तीन आठवडेवाल्यांपैकी ४२ टक्क्यांनी, आणि मुदत नसलेल्यांपैकी अवघ्या २५ टक्क्यांनी. प्रश्नावली म्हणजे रिबेट नव्हे, हे खरं. पण ‘भरपूर वेळ आहे, करू निवांत’ हा मनाचा स्वभाव दोन्हीकडे तोच. लांब मुदत ग्राहकाला उदार वाटते आणि कंपनीला परवडते.

आता हे एका काल्पनिक पण नेहमीच्या उदाहरणावर लावून पाहू. एक एसएसडी शेजारच्या दुकानात सरळ ३,९०० रुपयांना आहे. दुसरी, तशीच, ४,५०० रुपयांना आहे आणि तिच्यावर १,००० रुपयांचा कॅशबॅक आहे. जाहिरातीत ती ३,५०० रुपयांची दिसते, म्हणजे ४०० रुपयांनी स्वस्त. पण आज आपण ६०० रुपये जास्त देतो आहोत, १,००० परत मिळण्याच्या आशेवर. हा सौदा बरोबरीत सुटायचा तर पैसे मिळण्याची शक्यता किमान ६० टक्के हवी. आणि ही शक्यता एका गोष्टीवर ठरत नाही. समजा, मुदतीत नीट अर्ज करण्याची आपली शक्यता ८० टक्के, अर्ज मंजूर होण्याची ८५ टक्के आणि मंजूर झालेले पैसे खरोखर हाती पडण्याची ९० टक्के. तिन्ही आकडे वेगवेगळे पाहिले तर दिलासादायक आहेत. त्यांचा गुणाकार केला की ६१ टक्के उरतात. शिस्तीचा, सावध माणूससुद्धा इथे जेमतेम बरोबरीत सुटतो. त्याचा वेळ आणि डोकेदुखी यांची किंमत अजून धरलेलीच नाही. हाच हजाराचा कॅशबॅक ६०,०००च्या लॅपटॉपवर असता तर तो किमतीच्या दोन टक्क्यांहून कमी ठरला असता आणि त्याच्यामुळे निवड सहसा बदलली नसती. स्वस्त वस्तूवर तोच हजार निवड फिरवतो.

आपल्याकडे टपालाचं पाकीट फारसं रुजलं नाही, पण ‘परतावा धरून किंमत’ ही कल्पना मात्र घराघरांत पोचली ती २०१७मध्ये, आणि संगणकामार्फत नव्हे, स्वस्त मोबाइलमार्फत. त्या वर्षी २१ जुलैला जिओफोन जाहीर झाला तो ‘प्रभावी किंमत शून्य’ म्हणून. १,५०० रुपये अनामत भरायची, तीन वर्षांनी फोन परत केला की ती परत. पुढे अटी बाहेर आल्या तेव्हा दर वर्षी किमान १,५०० रुपयांचा रिचार्ज हवा असं त्यांत होतं. तीन वर्षांत ४,५०० रुपये खर्च केले की शून्य किमतीचा हक्क. ऑक्टोबरमध्ये एअरटेलने कार्बनचा एक स्मार्टफोन २,८९९ रुपयांना आणला आणि ‘प्रभावी किंमत’ १,३९९ सांगितली. मधले १,५०० रुपये परत मिळायचे होते दोन हप्त्यांत, १८ महिन्यांनी ५०० आणि ३६ महिन्यांनी १,०००. त्यासाठी दरमहा १६९ रुपयांचा रिचार्ज करत गेलं तर तीन वर्षांत ६,०८४ रुपये होतात. व्होडाफोनने मायक्रोमॅक्सचा फोन त्याच किमतीला आणून १,९०० रुपयांचा परतावा जाहीर केला, दरमहा १५० रुपयांच्या रिचार्जवर, आणि तो एम-पेसा या त्यांच्या स्वतःच्या पाकिटात यायचा होता. २०१८मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. २०१९मध्ये एम-पेसा गुंडाळायला घेतलं, आणि जानेवारी २०२०मध्ये त्याचा परवाना परत गेल्याचं रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं. योजनेच्या पहिल्याच ग्राहकांचे ३६ महिनेसुद्धा तोवर भरले नव्हते. ज्या थैलीत पैसे यायचे होते तीच थैली मुदतीआधी बंद होते, ही शक्यता दुकानात उभं राहून कोण धरील? इथे कोणाची लबाडी सिद्ध करण्याचा हेतू नाही. मुद्दा एवढाच, की तीन वर्षं हे दूरसंचार किंवा संगणक व्यवसायात एक युग असतं, आणि त्या युगाची जोखीम सगळ्यात कमी पैसेवाल्या माणसाच्या अंगावर टाकलेली होती.

भिलाईच्या दुकानांत आज दिसणाऱ्या सवलती एका माळेच्या मण्यांसारख्या दिसतात, पण त्यांची जोखीम एकसारखी नाही. कार्ड फिरवताच बिलातून वजा होणारी सूट खरी. बिलावर तिची नोंद होते आणि विषय संपतो. बँकेचा कॅशबॅक ६०-९० दिवसांनी येत असला तरी बँक सहसा पळून जात नाही. तिथे धोका अटींचा असतो: किमान खरेदी, कमाल मर्यादा, माणशी एकदाच, वस्तू बदलून घेतली तर रद्द. कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर, बिलाचा फोटो आणि खोक्यावरचं लेबल चढवून मागायचा कॅशबॅक हा अमेरिकन रिबेटचा सख्खा भाऊ, फक्त टपालाचं तिकीट वजा. आणि कूपन, पॉइंट किंवा ‘पुढच्या खरेदीवर’ मिळणारा परतावा मी तरी शून्य धरतो, कारण तो पुढची खरेदी गळ्यात मारण्यासाठीच असतो. यातच ‘नो-कॉस्ट ईएमआय’ मिसळला की हिशेब आणखी धुरकट होतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३च्या परिपत्रकात शून्य टक्के व्याज अशी काही चीज नसतेच असं बँकांना बजावलं होतं. व्याज प्रोसेसिंग फीच्या वेषात वसूल होतं, असंही त्यात होतं. आजच्या पद्धतीत व्याजाइतकी सूट आधी दिली जाते, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी ग्राहकाच्याच माथी. ३०,००० रुपयांच्या लॅपटॉपचे सहा हप्ते १५ टक्के दराने धरले तर व्याज सुमारे १,२७० आणि त्यावरचा कर सुमारे २३० रुपये होतो. वर १९९ रुपये फी आणि तिच्यावरचा कर धरला की साडेचारशेच्या वर जातात. जो हजाराचा कॅशबॅक मिळवायला हप्ते घेतले, त्यातला जवळपास निम्मा तो मिळण्याआधीच खर्ची पडला.

या सगळ्याहून महत्त्वाची आणि जाहिरातीत कधीच न येणारी गोष्ट म्हणजे कॅशबॅकच्या नादात ग्राहक काय सोडतो. स्वस्त हार्डवेअरचा जीव वॉरंटीत असतो. रॅम, एसएसडी, पॉवर सप्लाय या वस्तू एकतर लगेच बिघडतात, नाहीतर वर्षा-दोन वर्षांनी. आणि तेव्हा उपयोगी पडतं ते जीएसटीचं पक्कं बिल, शाबूत सीरियल नंबर आणि ओळखीचा दुकानदार. पुष्कळ कंपन्यांची सर्व्हिस सेंटर रायपुरात आहेत, आणि तिथे वस्तू पोचवायची, परत आणायची खटपट भिलाईचा दुकानदार आपल्या नेहमीच्या गिऱ्हाइकासाठी करतोसुद्धा. नागपूरच्या सीताबर्डीतून किंवा ऑनलाइन कुठूनतरी तीनशे रुपये वाचवून आणलेल्या वस्तूसाठी तो करील अशी अपेक्षा ठेवणं जरा जास्तच. भिलाईतली कितीतरी मराठी कुटुंबं विदर्भातून इथे आली आणि नागपूरचं येणं-जाणं त्यांना अंगवळणी पडलेलं आहे. पण बिघडलेल्या पॉवर सप्लायसाठी अडीचशेहून अधिक किलोमीटरचा रेल्वेप्रवास कोणत्याच कॅशबॅकने भरून निघत नाही. शिवाय मुदतींचा पेच असतोच. वस्तू सदोष निघाली तर ती आठवड्याभरात बदलून घ्यावी लागते, कॅशबॅकची नोंदणीही थोड्याच दिवसांत करावी लागते, आणि वस्तू बदलली की सीरियल नंबर बदलतो. मग नोंदवलेला नंबर आणि घरातली वस्तू जुळत नाहीत, आणि अर्ज फेटाळायला तेवढं कारण पुरतं.

आता आक्षेपांकडे वळू. अर्थशास्त्राच्या बाजूने येणारा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. रिबेटमुळे कंपनीला दोन प्रकारच्या ग्राहकांना दोन भाव लावता येतात. ज्याला पैशाची निकड आहे तो फॉर्म भरतो आणि स्वस्तात घेतो, ज्याला वेळ नाही तो पूर्ण भाव देतो. म्हणजे पैसेवाल्याच्या आळसावर गरजूला सूट मिळते, यात वाईट काय? तर्क देखणा आहे, पण फॉर्म भरण्याची क्षमता आणि गरज या एका दिशेने जातात हे त्यात गृहीत धरलेलं आहे. आपल्याकडे फॉर्म इंग्रजीत, साइटवर, ओटीपीसकट असतो. इंग्रजी अटी वाचून, बिलाचा फोटो योग्य आकारात चढवून, महिन्याने स्थिती तपासून पाठपुरावा करणारा माणूस बहुधा सुशिक्षित आणि सुस्थित असतो. पहिल्यांदा मुलीला लॅपटॉप घेऊन देणाऱ्या ठेका मजुराचे हजार रुपये न मागितलेल्यांत राहून जाण्याची शक्यता जास्त. तेव्हा सूट जाते वर आणि तिची भरपाई होते खालून.

यूपीआयमुळे आता सगळं झटपट झालं, टपालाच्या काळातल्या भीती आज कशाला उगाळायच्या, असंही कोणी म्हणेल. पाठवणं झटपट झालं हे खरंच. पण रिबेट टपालाच्या संथपणामुळे बुडत नव्हते, अटींमुळे बुडत होते. ऑगस्ट २०२५मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने रॅपिडोला १० लाखांचा दंड केला. ‘पाच मिनिटांत ऑटो, नाहीतर ५० रुपये’ अशी जाहिरात होती. प्रत्यक्षात ते रुपये नव्हते, कंपनीची ‘नाणी’ होती, तीही पन्नास‘पर्यंत’, सात दिवसांत संपणारी आणि फक्त बाइकच्या फेरीला चालणारी. यूपीआयच्या देशात पन्नास रुपये क्षणात पाठवता आले असते. नाणी निवडली ती मुद्दाम. उलट झटपटपणाने एक नवी जोखीम आणली आहे. कॅशबॅक मंजूर झाला असं सांगणारा बनावट मेसेज येतो आणि पिन टाकायला लावतो. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आणि कायदा? तो पुष्कळांना वाटतो त्यापेक्षा बरा आहे. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० च्या जुलैपासून लागू आहे. त्यानुसार तक्रार ग्राहक राहतो तिथेच करता येते, म्हणजे वस्तू नागपुरातून किंवा बंगळूरच्या गोदामातून आली असली तरी भिलाईकराने दुर्गच्या जिल्हा आयोगाकडे जावं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, दोन वर्षांची मुदत आहे, अर्ज ऑनलाइन करता येतो, आणि त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर बोलता येतं. हेल्पलाइनवरच्या तक्रारीने काही कंपन्या हलतातही, तेव्हा हजार रुपयांसाठी एवढं जरूर करावं. अडचण पुढे आहे. भेट किंवा इतर काही देऊ करणं आणि ते न देण्याचाच हेतू असणं ही अनुचित व्यापारप्रथा आहे असं कायदा म्हणतो. पण हेतू सिद्ध कसा करायचा? फेटाळलेल्या अर्जाला कंपनीकडे नेहमी एखादं कारण तयार असतं. एकट्या ग्राहकाच्या हातात त्या कारणाचा एकच नमुना असतो, कंपनीकडे हजारो. म्हणून या प्रश्नाचा निकाल दुर्गमध्ये एकेका तक्रारीने लागण्यासारखा नाही. तो दिल्लीत, नियमाने लागण्यासारखा आहे.

नियमाचा अर्धा भाग आपल्याकडे आहेच. ९ जून २०२२च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खुलासा मूळ दाव्याच्याच भाषेत आणि त्याच टायपात हवा, आणि त्याने दाव्याला छेद देता कामा नये. हे पाळलं तर हिंदी जाहिरातीतल्या कॅशबॅकच्या अटी इंग्रजी साइटवर ढकलता येणार नाहीत. ३० नोव्हेंबर २०२३च्या ‘डार्क पॅटर्न’विषयक तत्त्वांनी किंमत टप्प्याटप्प्याने उघड करण्यालाही हरकत घेतली आहे. राहिलेला अर्धा भाग अमेरिकेतल्या कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंड या राज्यांनी केव्हाच लिहून ठेवला आहे: परतावा वजा करून किंमत जाहीर करायची असेल तर दुकानाने तो खरेदीच्या वेळीच द्यावा. द्यायचा नसेल तर पूर्ण किंमत छापावी. दुकानदारांची यावर एक रास्त शंका असेल, की असा नियम आला तर कंपन्या कॅशबॅकच बंद करतील आणि गिऱ्हाईक फिरकणार नाही. पण बेस्ट बाय या अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स साखळीने २००५मध्ये टपालाचे रिबेट दोन वर्षांत संपवण्याचं जाहीर केलं, ते ग्राहकांच्या वैतागामुळे, कायद्याच्या धाकाने नव्हे. आणि त्यानंतरही ती संगणक विकतेच आहे.